ज्वरापासून लोहकणापर्यंत : कर्करोगावरील उष्णतोपचाराचा इतिहास

मराठीत ‘ताप’ हा शब्द ज्वर व उष्णता या दोहोंनाही लावला जातो. कर्करोगाच्या उपचारात या दोन अर्थांची फारकत होण्यास सुमारे तीन दशके लागली. ती झाल्यावर मात्र एक नवा प्रश्न पुढे आला : उष्णता रोगग्रस्त गाठीपुरतीच मर्यादित कशी ठेवावी? चुंबकीय लोहकणांच्या द्वारे कर्करोगावर उपचार करण्याची पद्धती ही या प्रश्नाच्या उत्तराचा एक प्रयत्न होय.

इ. स. १८६६ मध्ये बॉन येथील शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या चेहऱ्यावरील गाठ धावरे या रोगाच्या तीव्र ज्वरानंतर नाहीशी झाली होती. न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी १८९१ पासून रुग्णांना जंतू टोचून असा ज्वर बुद्ध्या उत्पन्न करण्याचा उपक्रम आरंभिला. या प्रयोगांत गुण आला तो उष्णतेमुळे की शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे, हे वेगळे काढता येत नव्हते. १८९८ मध्ये स्वीडनमधील वेस्टरमार्क यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उष्ण पाण्याच्या साहाय्याने स्थानिक उष्णता दिली. येथे ज्वराचा संबंध सुटला व केवळ उष्णता उरली. परंतु बाहेरून दिलेली उष्णता वाटेतील निरोगी ऊतींना प्रथम भाजते आणि खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेशी पोचत नाही, ही अडचण कायम राहिली.

या अडचणीला १९५७ मध्ये एक वेगळे उत्तर मिळाले. शिकागोचे शल्यचिकित्सक आर. के. गिलख्रिस्ट व त्यांचे सहकारी यांच्यापुढील प्रश्न नेमका होता. आतड्याचा कर्करोग कापून काढला, तरी लसीका ग्रंथींत शिरलेल्या कर्कपेशी हाताला लागत नाहीत. सूक्ष्म कण मात्र लसीकामार्गाने त्याच ग्रंथींत जाऊन साठतात. म्हणून त्यांनी २० ते १०० नॅनोमीटर आकाराचे लोह-ऑक्साइडाचे कण योजिले. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) अशा कणांनी युक्त ऊती १.२ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवल्या असता त्या तापल्या. अशा रीतीने उष्णतेचा उगम प्रथमच शरीराच्या आत, इच्छित स्थळी नेण्यात आला.

कल्पना इतकी स्वच्छ असूनही ती रुग्णापर्यंत पोचण्यास जवळजवळ अर्धशतक लागले. या विलंबाची कारणे बव्हंशी पदार्थविज्ञानातील आहेत. पहिले कारण कणाविषयीचे. क्षेत्राची दिशा क्षणोक्षणी उलटते, कणाचे चुंबकन तिच्या मागे पडते, आणि या मागे पडण्यात खर्च होणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. कण अत्यंत लहान झाला म्हणजे त्याचे चुंबकन औष्णिक आंदोलनानेच दिशा पालटू लागते. याची उपपत्ती फ्रान्सचे लुई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडली होती. तथापि चुंबकीय द्रव किती तापेल याचे व्यवस्थित गणित रोझेन्स्वाइग यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले.

दुसरे कारण रुग्णाच्या देहाविषयीचे. बदलते चुंबकीय क्षेत्र निरोगी ऊतींतही विद्युत्‌प्रवाह उत्पन्न करते व त्या तापवते. अ‍ॅटकिन्सन, ब्रेझोविच व सहकारी यांनी १९८४ मध्ये छातीभोवती वेटोळे ठेवून मनुष्य किती क्षेत्र सोसू शकतो हे तपासले. त्यावरून क्षेत्राची तीव्रता व वारंवारता यांच्या गुणाकाराला सुमारे ४.८५ × १०<sup>८</sup> अँपिअर प्रति मीटर प्रति सेकंद ही मर्यादा रूढ झाली. हा दंडक १९५७ च्या वारंवारतेला लावला, तर अवघे ४०० अँपिअर प्रति मीटर एवढेच क्षेत्र वापरता येते. वारंवारता १०० किलोहर्ट्‌झवर आणली, तर तेच क्षेत्र ४,८५० पर्यंत नेता येते. शरीराचा घेर जेथे लहान, तेथे हे प्रवाह क्षीण असतात. म्हणून मस्तकासाठी मर्यादा अधिक सैल ठरते.

बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान व सहकारी यांनी १९९३ मध्ये चुंबकीय द्रवांच्या तापनक्षमतेचे मापन प्रसिद्ध केले. पुढे १०० किलोहर्ट्‌झचे उपकरण सिद्ध झाले. २००५ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील प्रथम उपयोगाचा वृत्तांत आला. २०१० मध्ये मेंदूतील अर्बुदांसाठी युरोपात मान्यता मिळाली. २०११ मध्ये ग्लायोब्लास्टोमा पुन्हा उद्भवलेल्या ५९ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांना किरणोपचारही दिलेला होता. पहिल्या पुनरुद्भवापासून त्यांचे मध्यक आयुष्य १३.४ महिने भरले.

या आकड्याचे मोल ठरविताना सावधगिरी आवश्यक आहे. त्या अभ्यासात तुलनेसाठी चिठ्ठी टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. तुलना पूर्वीच्या रुग्णांच्या प्रसिद्ध नोंदींशी होती. शिवाय मेंदूत राहिलेले लोहकण चुंबकीय अनुनाद प्रतिमा बिघडवितात, त्यामुळे गाठ वाढली की घटली हे पुढे त्या प्रतिमेवरून पाहता येत नाही. दातांतील धातूचे भरणही आधी काढावे लागे. उपचार पुरविणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

बुश यांच्यापुढे एक रुग्ण होती, बर्लिनच्या संशोधकांपुढे ५९. या अवधीत उष्णतेचे स्थान निश्चित करता आले, तिचे मापनही साधले. परंतु गुण उष्णतेचा की अन्य कशाचा, हा बुश व कोली यांच्या वेळचा संशय तुलनात्मक चाचणीवाचून फिटत नाही. किरणोपचाराच्या जोडीने दिलेल्या उष्णतेचा स्वतंत्र वाटा किती, हे सांगणारी चाचणी हाच या इतिहासाचा पुढील आवश्यक टप्पा होय.