रेकॉर्ड कुणाच्या आवाजाची?

कुणाचा आवाज जपायचा हे बाजार ठरवतो, तेव्हा तो जातही पाहतो आणि वर्णही.

१९३९ मध्ये बिली हॉलिडे यांनी झुंडीने मारून झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायले. त्यांच्या कोलंबिया कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला. कमोडोर या छोट्या कंपनीने ते काढले. १९६० मध्ये ड्रमवादक मॅक्स रोच यांनी ‘वी इन्सिस्ट!’ हा जॅझ अल्बम केला. त्याच्या मुखपृष्ठावर उपाहारगृहाच्या काउंटरवर बसलेले कृष्णवर्णीय तरुण आहेत. गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर बसण्याचा सत्याग्रह त्याच वर्षी पेटला होता. आम्हाला त्यात १९२७ चे महाड दिसते.

त्यांचा विद्रोह तबकडीवर टिकला. आपले काय? भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. वामनदादा कर्डकांची गाणी वह्यांतून, तोंडातोंडी पोहोचली. पण नुसता तोंडी वारसा गाणाऱ्यासोबत मातीत जातो.

म्हणून काष्टीच्या आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या तरुणांनो, वस्तीतल्या जुन्या गायकांना आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. गायक, कवी, गाव, तारीख लिहून ठेवा. कंपनीची वाट पाहू नका. आपला इतिहास आपणच जपला पाहिजे.

जय भीम!