अणुप्रयोगशाळा हवी की नको? जिनिव्हाच्या मतदारांचा कौल

जून १९५३. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा प्रांताच्या मतदारांपुढे एक विलक्षण प्रश्न होता : अणुकेंद्रीय संशोधनाची युरोपीय प्रयोगशाळा आपल्या भूमीवर उभारू द्यावी काय? हिरोशिमाला आठ वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘अणू’ म्हणताच बॉम्ब डोळ्यांपुढे यावा, असा तो काळ.

कल्पना जुनी नव्हती. युद्धाने युरोप कंगाल झाला होता, अनेक शास्त्रज्ञ अमेरिकेत गेले होते आणि कणांना वेग देणाऱ्या प्रचंड यंत्रांचा खर्च एकट्या राष्ट्राला पेलणारा नव्हता. डिसेंबर १९४९ मध्ये लोझान येथील परिषदेत लुई द ब्रॉग्ली यांचा संदेश वाचला गेला : प्रयोगशाळा अनेक देशांनी मिळून उभारावी. पुढल्या जूनमध्ये युनेस्कोच्या फ्लॉरेन्स अधिवेशनात अमेरिकेच्या इसिडोर राबी यांनी त्या दिशेने ठराव मांडला. फेब्रुवारी १९५२ मध्ये ११ राष्ट्रांनी हंगामी परिषद स्थापली. तिच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘सर्न’. परिषद पुढे विसर्जित झाली; नाव मात्र प्रयोगशाळेला चिकटले ते कायमचेच!

त्याच वर्षी कोपनहेगन, पॅरिस आणि आर्नहेम यांना मागे सारून जिनिव्हाची निवड झाली, आणि तेथेच विरोध उफाळला. अणुसंशोधनामुळे स्वित्झर्लंडची तटस्थता धोक्यात येईल, अशी विरोधकांची भीती होती. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. अणुशास्त्राचे पहिले जगप्रसिद्ध फळ बॉम्बच होते.

कौल लागला : बाजूने १६,५३९, विरोधात ७,३३२. (हे सारे मतदार पुरुष होते, हे विसरू नये, जिनिव्हातील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९६० मध्ये.)

विरोधकांच्या शंकेचे खरे उत्तर त्याच सुमारास १२ राष्ट्रांनी केलेल्या स्थापना-करारात सापडते. ही संस्था लष्करी गरजांसाठीच्या कामाशी कोणताही संबंध ठेवणार नाही आणि तिच्या संशोधनाचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले राहतील, असे त्याच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. गुप्तता हाच अणुसंशोधनाचा नियम झालेला असताना हे लिहिणे सोपे नव्हते. माझ्या मते, पुढे उभ्या राहिलेल्या कोणत्याही यंत्राइतकेच हे कलम मोलाचे आहे.

करार अमलात येण्यासाठी पुरेशा राष्ट्रांची मान्यता हवी होती. ती पूर्ण झाली २९ सप्टेंबर १९५४ रोजी, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्या मंजुरीने. जर्मन सैन्याने पॅरिस सोडून तेव्हा जेमतेम दहा वर्षे लोटली होती.