कुंचला आणि कीर्दवही



आमच्या नंदुरबारच्या पेठेत कोणत्याही जुन्या दुकानात शिरलात, तर गल्ल्याच्या वर भिंतीवर एक चौकट आढळेल. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, बाजूस हत्ती, पायांशी पाणी. दुकानदार सकाळी गल्ला उघडण्यापूर्वी तिला उदबत्ती ओवाळतो आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलतो. ह्या लक्ष्मीने शेकडो दुकानांची भरभराट पाहिली. परंतु जिने इतरांच्या पेढ्या राखल्या, तिला कागदावर आणणाऱ्या चित्रकाराच्या पेढीचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

ह्या प्रश्नाशी माझा एक खाजगी हिशेब गुंतला आहे, तो आरंभीच सांगून टाकतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. त्याचा हात विलक्षण होता. फळ्यावर खडूने बैल काढला, तर त्याच्या मानेवरचे ओझेसुद्धा दिसावे! त्याचे वडील मजकडे सल्ला विचारण्यास आले, तेव्हा मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, “चित्रांनी पोट भरत नाही. मुलाला नोकरीच्या वाटेला लावा.” गुरुजींचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. मुलगा आज एका कचेरीत कारकून आहे. खाऊनपिऊन सुखी आहे. गेल्या पावसाळ्यात तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “गुरुजी, आता माझी मुलगी चित्रे काढते. पुस्तकांची चित्रे काढून स्वतःचा धंदा करीन म्हणते. तिला काय सांगू?”

जे उत्तर बापाला चटकन दिले, ते लेकीला देताना माझी जीभ अडखळली. मी त्याच्याकडून मुदत मागून घेतली आणि आपल्या प्रांतात चित्रकलेवर स्वतंत्रपणे जगू पाहणाऱ्या माणसांची चरित्रे पुन्हा चाळली. त्यांतून जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम आमच्या डोंगराळ मुलुखाकडेच पाहू. १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा आहे आणि त्यापुढे नर्मदा. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर व अलिराजपूर ह्या भागांत राठवा, भिलाला आदी लोक नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगवून घेतात. ते रंगविणाऱ्याला लखारा म्हणतात, आणि चित्र काढणे ह्या अर्थी ‘लिहिणे’ हा शब्द वापरतात. घरधनी लखाऱ्याला बोलावतो, लखारा येऊन भिंत लिहितो आणि आपला मान व मोबदला घेऊन जातो. ह्या व्यवहारात चित्रकार आणि गिऱ्हाईक ह्यांच्या मध्ये तिसरा कोणी नाही. छापखाना आला आणि हा तिसरा माणूस मध्ये येऊन उभा राहिला. एका चित्राच्या हजारो प्रती निघू लागल्या, तेव्हा त्या प्रतींचा धनी कोण, हा नवाच प्रश्न उत्पन्न झाला.

हा प्रश्न ज्यांना प्रथम मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला, ते राजा रविवर्मा. जन्म १८४८ साली केरळातील किळिमानूर येथे. परंतु त्यांच्या कीर्तीचा बराच विस्तार बडोदे आणि मुंबई येथे झाला. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी त्यांना सुचविले होते की, राजवाड्यांतील चित्रांच्या छापील प्रती निघाल्या तर त्या घरोघर जातील. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. ह्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा लागे आणि एकावर एक रंग अचूक बसवून चित्र पुरे करावे लागे. त्यासाठी जर्मन कारागीर आणिले, यंत्रे आणिली. पुढे मुंबईत प्लेगने कहर केला आणि १८९९ साली कारखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवावा लागला. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे आमच्या गावावरून धावू लागली, तेव्हा दूरच्या शहरांतला छापील माल खानदेशच्या पेठांत येणे सुलभ झाले.

चित्रे घरोघर गेली, पण कारखाना कर्जात गेला. रविवर्मे दौऱ्यावर, राजेरजवाड्यांची कामे हाती, आणि कारखान्याची रोजची जमाखर्चाची कटकट बंधू राजवर्मा ह्यांच्या शिरावर. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीच तो फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, आणि यंत्रांबरोबर चित्रे छापण्याचे हक्कही गेले. पुढे त्याच कारखान्याने मालाच्या वेष्टनांवरील चिठ्ठ्या छापून आपला जम बसविला. रविवर्मे १९०६ साली निवर्तले. त्यांची लक्ष्मी मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यावर तशीच उभी राहिली.

दुसरे उदाहरण रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचे. ते १८६७ साली कोल्हापुरास जन्मले आणि १८९० साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकण्यास आले. पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले आणि मोठ्या पदापर्यंत चढले. विद्यार्थी व शिक्षक म्हणून तेथे घालविलेल्या एकेचाळीस वर्षांची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे. नोकरी सांभाळून त्यांनी बाहेरचे काम अपार केले. किंकेड ह्यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ ह्या १९१४ च्या पुस्तकातील चित्रे त्यांची, आणि ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथातीलही त्यांचीच. ह्याखेरीज पोस्टकार्डे आणि जाहिराती होत्याच. दरमहा ठरलेला पगार असल्यामुळे बाहेरचे गिऱ्हाईक रुसले तरी चूल विझत नसे. मी माझ्या विद्यार्थ्याच्या बापाला जो सल्ला दिला, तो ह्या मार्गाचा अर्धा भाग होता: नोकरी धरा, एवढेच मी सांगितले, नोकरी धरून हातातला कुंचला सोडू नका, हे सांगावयाचे राहून गेले. माझा अपराध तो एवढाच, पण लहान नव्हे.

तिसरे गृहस्थ सर्वांच्या परिचयाचे, परंतु निराळ्या कारणासाठी. दादासाहेब फाळके ह्यांना आपण चित्रपटांचे जनक म्हणून ओळखतो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी मात्र ते चित्रकार, छायाचित्रकार आणि ठसे करणारे कुशल कारागीर होते. सरकारी पुराणवस्तु खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास भागीदारीत ठसे व छपाईचा कारखाना काढला. पुढे दादरला तो लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स ह्या नावाने चालू लागला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. कला होती, यंत्र होते, काम होते. पण भागीदारांशी बेबनाव झाला आणि स्वतः वाढविलेल्या कारखान्यातून त्यांना बाहेर पडावे लागले. हुन्नर ज्याचा, कारखानाही त्याचाच, असे जगात ठरलेले नाही; कागदावर काय लिहिले आहे, त्यावर ते ठरते.

आता ज्यांच्यापाशी ह्या तिन्ही अनुभवांचे सार जणू एकवटले, त्या दीनानाथ दलालांकडे येतो. गोव्यात मडगाव येथे १९१६ साली जन्मलेल्या ह्या चित्रकाराने १९३७ साली जे. जे. मधील पदविका मिळविली. नोकरीच्या दारी न थांबता त्यांनी मुंबईत दलाल आर्ट स्टुडिओ थाटला आणि प्रकाशकांसाठी पुस्तकांची मुखपृष्ठे व कथांची चित्रे काढण्याचे काम अंगावर घेतले. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या काळी रंगीत मुखपृष्ठ छापावयाचे तर प्रत्येक रंगाचा निराळा ठसा करावा लागे आणि ठशागणिक खर्च वाढे. म्हणून मोजक्या रंगांत चित्र उठावदार करणारा चित्रकार प्रकाशकाचे पैसे वाचवीत असे. छापखान्याची ही नड ज्याला उमजली, त्याच्याकडे काम पुन्हा पुन्हा येई.

परंतु दलाल एवढ्यावर थांबले नाहीत. दुसरे महायुद्ध संपले त्या १९४५ साली, कागदाची टंचाई अद्याप पुरती सरली नसताना, त्यांनी स्वतःचे ‘दीपावली’ काढले. त्या दिवशी चित्रकार आणि प्रकाशक हे दोन निराळे इसम उरले नाहीत. कोणते चित्र छापावयाचे, किती रंगांत छापावयाचे, त्याला किती पाने द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार चित्रकाराच्याच हाती आला, आणि नफ्याबरोबर तोट्याची जोखीमही त्याच्याच माथी आली. त्यांच्याच पिढीतील रघुवीर मुळगावकर हेही गोव्याचेच. त्यांनी दिनदर्शिकांवरील देवदेवतांच्या चित्रांनी घरोघर स्थान मिळविले आणि आपला ‘रत्नप्रभा’ अंक चालविला. दोघांचाही मार्ग एकच: परक्याच्या अंकात चित्र द्यावेच, पण आपलाही एक अंक असावा.

दलाल १९७१ च्या जानेवारीत वारले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत शिकत होतो. गावच्या वाचनालयात दिवाळीचे अंक येत. ‘दीपावली’ हाती पडला की आम्ही मुले मजकूर वगळून रंगीत पानेच उलटीत असू आणि ग्रंथपालांचा ओरडा खात असू. त्या पानांमागे एका माणसाने चालविलेला सबंध संसार होता, हे तेव्हा कसे कळावे!

काळ आता पुष्कळ बदलला आहे. आमच्याकडे दुकानांच्या पाट्या रंगविणारे कुशल हात होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्सचे फलक आले आणि त्यांतील पुष्कळांचे काम गेले. उलट, शहाद्यात किंवा तळोद्यात बसून मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाला घटकाभरात चित्र पाठविण्याची सोयही झाली आहे. साधन बदलले, जुना प्रश्न मात्र कायम आहे: प्रतींचा धनी कोण? आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील सतरावे कलम प्रत्येक चित्रकाराने वाचावे असे आहे. सामान्यतः चित्राचा पहिला मालक चित्रकारच. परंतु नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा मालक धनी ठरतो, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा मालक, उलट करार नसेल तर, तो सांगणारा ठरतो. ‘उलट करार नसेल तर’ हे चार शब्द रविवर्म्यांपासून आजवरच्या साऱ्या कथेचे मर्म आहेत. प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. एका ओळीचा लेख राहून गेला, तर नातवंडांपर्यंत पोचावयाचे उत्पन्न पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी जाते.

असो. माझ्या विद्यार्थ्याला मी दिलेले उत्तर सांगून भाषण पुरे करतो. मी त्याला म्हणालो, “अरे, तुझ्या वडिलांना मी अर्धवट सल्ला दिला होता, त्याबद्दल मला वाईट वाटते. आता मुलीला सांग, चित्रे अवश्य काढ. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दे, कलाशाळेत जा. जम बसेपर्यंत धुरंधरांप्रमाणे एखादा ठरलेला पगार जवळ असला, तर त्यात कमीपणा मानू नकोस. छपाई कशी होते ते पाहून घे. काम घेतेस त्या दिवशी किती पैसे, केव्हा आणि कोणत्या उपयोगासाठी, हे कागदावर लिहून घे. भागीदार मिळाला तरी लेखी कराराशिवाय एक पाऊल टाकू नकोस. आणि रोज रात्री कुंचला धुऊन झाला की कीर्दवही उघडून जमाखर्च लिही.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “गुरुजी, कीर्द तर मला लिहिता येते. जन्मभर कचेरीत तेच केले.” मी म्हणालो, “मग लेकीला तेवढे तू शिकव.” उठताना त्याने माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक बैल काढला. तीस वर्षांनंतरही मानेवरचे ओझे दिसत होते.

तो कागद मी जपून ठेवला आहे. आपल्या घरी, शेजारी असा एखादा हात असेल, तर त्याला नाही म्हणण्यापूर्वी त्याच्या हाती एक वहीही देऊन पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.