दारावर डकवलेले समन्स

* मूळ मजकुरात ‘समन्स बजावले’ एवढेच आहे. आपल्याकडे बेलीफ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत मात्र ही जबाबदारी वादीची. तेथील दिवाणी प्रक्रियेच्या नियम ४ प्रमाणे दाव्यात पक्षकार नसलेली, १८ वर्षे पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती समन्स व दाव्याची प्रत देऊ शकते. मुदत दावा दाखल झाल्यापासून ९० दिवस. बजावणीनंतर २१ दिवसांत प्रतिवादीने उत्तर दिले नाही, तर एकतर्फी निकालाची वाट मोकळी होते. म्हणून माझ्या मते कागद ‘बजावला’ असा शेरा पुरेसा नाही. तो पोहोचेल अशी खरी शक्यता हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये मलेन खटल्यात हीच कसोटी घातली. १९८२ च्या ‘ग्रीन विरुद्ध लिंडसी’मध्ये तिचे मोल दिसले. केंटकीतील लुईव्हिल येथे सरकारी वसाहतीतल्या भाडेकरूंच्या दारांवर घर खाली करण्याच्या दाव्यांचे कागद डकवले जात. मुले ते फाडून नेतात, हे बजावणाऱ्यांनाच ठाऊक होते. भाडेकरूंना कळले तेव्हा निकाल लागून अपिलाची मुदतही सरली होती. नुसते डकवणे पुरेसे नाही, टपालही हवे, असे बहुमताने म्हटले. टपाल तरी कुठे खात्रीचे, पेट्यांतूनही पत्रे चोरीला जातात, असा आक्षेप न्यायमूर्ती ओकॉनर यांनी भिन्नमतात घेतला. तो खरा आहे. पण बहुमताने टपाल मागितले ते डकवण्याच्या जोडीला, आणि घर जाण्यापुढे एका टपाल तिकिटाचा खर्च तो काय? उरला प्रश्न मुद्दाम तोंड चुकवणाऱ्याचा. त्याच्यासाठी संघीय नियमात तजवीज आहे : त्याच्या घरी राहणाऱ्या समंजस, जाणत्या माणसाच्या हाती प्रत दिली तरी बजावणी पुरी होते.