मुदत आणि संवाद : जपान-अमेरिका विद्यार्थी परिषदेचा विचार

विद्यार्थी परिषद म्हटली की दोन दिवसांचे निबंधवाचन, प्रमाणपत्रे आणि समूहछायाचित्र एवढेच डोळ्यांसमोर येते. जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद या चौकटीत बसत नाही. १९३१ मध्ये जपानने चीनच्या मांचुरियावर ताबा मिळवायला सुरुवात केल्यानंतर दोन्ही देशांत वितुष्ट वाढू लागले, तेव्हा जपानी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला आणि १९३४ मध्ये टोकियोच्या आओयामा गाकुइन येथे पहिली परिषद भरली.

तिची रचना साधी आहे. यजमानपद आळीपाळीने दोन्ही देशांकडे जाते. प्रतिनिधी काही आठवडे एकत्र राहतात, शहरे बदलतात आणि एकेक विषय घेऊन छोट्या गटांत चर्चा करतात. पुढच्या वर्षीची कार्यकारी समिती त्यांच्यातूनच निवडली जाते.

या रचनेत निर्णायक घटक मुदत हा आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीला प्रत्येक जण आपल्या देशाची वकिली करतो. पण तयार करून आणलेले मुद्दे लवकर संपतात, आणि ज्याच्याशी वाद घातला त्याच्याच शेजारी सकाळी नाश्त्याला बसायचे असते. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९४५ मधील जपानच्या शरणागतीला जपानीत सहसा ‘शूसेन’ म्हणतात, म्हणजे युद्धसमाप्ती. ‘हाइसेन’ म्हणजे पराभव, हाही शब्द भाषेत आहेच. जपानी विद्यार्थी इंग्रजीत ‘युद्ध संपले’ म्हणतो, तेव्हा अमेरिकन विद्यार्थ्याला त्यात फक्त एक तारीख ऐकू येते. दोन शब्दांतून एक निवडलेला आहे, हे त्याला कळायला कोणीतरी सावकाश, न संकोचता समजावून सांगावे लागते. दोन दिवसांच्या परिषदेत एवढी उसंत कुठली? शिवाय परक्या भाषेत विचार मांडण्याचा भार बहुतांशी एकाच बाजूवर पडतो. हा या परिषदेतला खरा असमतोल आहे, आणि तो मान्य करूनच तिचे मूल्यमापन व्हायला हवे.

युद्ध टळले का, ही कसोटी मात्र तिला लावू नये. विद्यार्थ्यांच्या हाती तेवढी सत्ता नसते. १९३९ चे एक प्रतिनिधी किइची मियाझावा १९९१ मध्ये जपानचे पंतप्रधान झाले, पण तोवर अर्धे शतक लोटले होते. १९४१ मध्ये तर युद्धामुळे परिषदच बंद पडली; पण १९४७ मध्ये, जपानवर दोस्त राष्ट्रांचा अंमल असतानाच, ती पुन्हा भरली.