सोळा आण्यांची जमीन

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीला दोन नावे. माणसे राहतात ती पांढरी आणि पीक येते ती काळी. पांढरीची चिकण माती आमच्या माणदेशाकडे धाब्याच्या घरांवर पसरीत आणि ओसाड पडलेल्या पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत. म्हणजे पांढरीही अखेर काळीच्याच पोटात जायची!

वडूजच्या शाळेत मी मुलांना आपापल्या रानातले ढेकूळ आणायला सांगतो. येरळाकाठचा पोर भुसभुशीत पोयटा आणतो, सपाटीवरचा काळेभोर ढेकूळ आणतो, माळावरचा ओंजळभर मुरूम आणतो. कोणी महाबळेश्वराहून आणला असेल तर जांभ्याचा तांबडा खडाही टेबलावर येतो. मग मी म्हणतो, “पोरांनो, ही सगळी एकाच आईची लेकरे.” त्यांना ते खरे वाटत नाही.

पण ते खरे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण झाला. घाटमाथ्यावरच्या धुवांधार पावसाने त्यातला चुना आणि इतर द्रव्ये धुऊन नेली. मागे उरले ते लोह, तोच जांभा. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या आमच्या खटावात पाऊस तुटपुंजा. चुना जागीच राहिला, बारीक चिकणमाती सखल भागात साचली आणि काळी जमीन झाली. ही पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, वरची माती भेगांत पडते; जणू स्वतःच स्वतःला नांगरते. पावसाळ्यात प्यालेले पाणी ती हिवाळ्यापर्यंत धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावर पेरलेला शाळू त्या ओलीवर पोसतो. मुरमाड रानात ओल टिकत नाही. तिथे बाजरी, मटकी, हुलगा.

या जमिनींची किंमत ठरवायची कशी? शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी काठीने जमीन मोजून घेतली आणि प्रत पाहून धारा बसविला. इंग्रजी अमलात प्रिंगलने १८२७ च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरला. कागदावर हिशेब चोख होता. पण रयतेला तो पेलवेना आणि शेते ओसाड पडू लागली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. १८४७ मध्ये तिचे नियम पक्के झाले.

ती प्रतबंदी मोठी मजेदार होती. शेताचे कागदावर चौकोन पाडायचे आणि ठिकठिकाणी खणून मातीचा पोत नि खोली पाहायची. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती निघाली की ती सोळा आणे. तिथून नऊ प्रती उतरत शेवटची दोन आणे. चुनखड, वाळू, उतार, उपळ असा दोष दिसला की एक प्रत खाली! पुढे पिकाचा अंदाज सांगायलाही ‘आणेवारी’ हा शब्द रूढ झाला. नाणी बदलल्यावर तिची ‘पैसेवारी’ झाली.

पण जमिनीचे आणे मोजले, तरी पावसाचे कुणी मोजावेत? १८७६-७७ च्या दुष्काळात सोळा आणे रानही कोरडेच राहिले. म्हणून आमच्या भागाची सारी आस पाण्यावर.

आता उरमोडी, टेंभू यांसारख्या योजनांनी काही शिवारांत पाणी पोहोचले आहे. आनंदच आहे, मात्र इथे इतिहास ऐकण्यासारखा आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत त्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांना अहवाल लिहावा लागला. सांगलीकडच्या कृष्णाकाठीही उसाला पाणी देता देता कितीतरी काळी राने चोपण झाली. कारण साधे आहे. खोल काळ्या मातीतून पाणी लवकर निचरत नाही. खालची पातळी वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार वरच उरतात. उलट ज्या मुरमाला दोन आणे मिळत, त्यातून पाणी झिरपून जाते, म्हणून आटपाडी-सांगोल्याकडे ठिबकाच्या थेंबांवर त्याच माळावर डाळिंब डुलते.

म्हणजे पाणी येताच प्रती उलट्या होतात. पावसावर जी खोली जमिनीचा मोठेपणा होती, तीच पाटाखाली तिचा धोका होते. विंगेटसाहेबाच्या वेळी सोळा आणे ठरलेल्या रानाला आज निचऱ्याचा चर आणि मोजके पाणी लागते. शेजाऱ्याने ऊस लावला म्हणून आपणही लावायचा, हे तिला सोसणारे नाही.

दिवाळीत घरोघर बळीराजाची आठवण निघते. इडापिडा टळो असे आपण म्हणतो. त्यात एवढे आणखी मागावे, की पाण्याची वाट पाहत पिढ्या गेल्या त्या रानाला पाण्यानेच पिडा होऊ नये. पाटाचे दार उघडण्याआधी रानात हातभर खणून पाहावे. एवढे काम तर शाळेतले पोरही करील.