एकनाथ सोलकर

एकनाथ धोंडू सोलकर (१८ मार्च १९४८, मुंबई – २६ जून २००५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. डावखुरे फलंदाज, डावखुरे मध्यमगती व संथ फिरकी गोलंदाज आणि फलंदाजाच्या अगदी निकट उभे राहणारे क्षेत्ररक्षक अशा तिहेरी नात्याने ते मुंबई आणि भारत या संघांकडून खेळले. १९६९ ते १९७७ या काळात ते २७ कसोटी सामने खेळले व त्यांत त्यांनी ५३ झेल घेतले. किमान २० कसोटी सामने खेळलेल्या आणि यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंमध्ये दर सामन्यामागे झेलांचे एवढे प्रमाण अन्य कोणाचेही नाही. क्रिकेटरसिकांत ते ‘एक्की’ या नावाने परिचित होते.

१९७१ ते १९७३ या काळात अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध लागोपाठ तीन कसोटी मालिका जिंकल्या. या यशाचे श्रेय प्रामुख्याने सुनील गावसकर व दिलीप सरदेसाई यांच्या फलंदाजीला आणि भारताच्या फिरकी गोलंदाजांना दिले जाते. तिन्ही मालिकांत संघात असलेल्या सोलकर यांच्या नावावर मोठ्या धावसंख्या वा बळींच्या राशी नाहीत. तथापि त्यांच्या क्षेत्ररक्षणावाचून त्या यशाचा उलगडा होत नाही.

प्रारंभिक जीवन

सोलकर यांचे वडील मुंबईच्या पी. जे. हिंदू जिमखान्यावर मैदानाची व खेळपट्टीची देखभाल करीत. मैदानाच्या कडेला असलेल्या एका लहानशा झोपडीवजा घरात हे कुटुंब राहत असे. तेथे होणाऱ्या सामन्यांच्या वेळी धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम एकनाथ लहानपणी करीत. क्रिकेटचे पहिले धडे त्यांनी याच मैदानावर गिरवले.

शालेय क्रिकेटमध्ये ते लवकर चमकले. १९६४ मध्ये भारतीय शालेय संघातून त्यांनी श्रीलंकेचा (तत्कालीन सिलोनचा) दौरा केला. १९६५-६६ च्या हंगामात लंडनच्या शालेय संघाविरुद्ध ते भारतीय शालेय संघाचे कर्णधार होते. सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ हे त्या संघातील त्यांचे सहकारी होत. याच हंगामात त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढे काही काळ ते इंग्लंडमधील ससेक्स काउंटीकडेही होते.

मुंबई संघ

सोलकर मुंबई संघात आले तेव्हा त्या संघाची रणजी करंडक स्पर्धेवर पूर्ण पकड होती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे मुंबईने हा करंडक जिंकला. अशा संघात जागा टिकवायची तर एकाच कौशल्यावर भागण्यासारखे नव्हते. सोलकर मधल्या फळीत फलंदाजी करीत, नव्या चेंडूने मध्यमगती गोलंदाजी टाकीत आणि खेळपट्टी फिरकीला साथ देऊ लागली की डावखुरी फिरकीही टाकीत. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेन्नईच्या (तत्कालीन मद्रासच्या) चेपॉक मैदानावर तमिळनाडूचे डाव ८० व ६१ धावांत आटोपले. त्या सामन्यात पद्माकर शिवलकर यांनी १३ बळी घेतले. दुसऱ्या बाजूने त्यांना सोलकर यांची साथ होती.

कसोटी कारकीर्द

ऑक्टोबर १९६९ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध सोलकर पहिला कसोटी सामना खेळले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांचे संघातील स्थान पक्के झाले. किंग्स्टन येथील पहिल्या सामन्यात भारताची अवस्था ५ बाद ७५ अशी असताना त्यांनी सरदेसाई यांच्या साथीने १३७ धावांची भागीदारी केली. सरदेसाई यांनी २१२, तर सोलकर यांनी ६१ धावा केल्या. पुढे वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची नामुष्की आली. पोर्ट ऑफ स्पेन येथील दुसरा सामना भारताने सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता. त्यात सोलकर यांनी ५५ धावा केल्या आणि दोन्ही डावांत मिळून सहा झेल घेतले. ब्रिजटाउन येथे ६ बाद ७० या अवस्थेतून सरदेसाई व सोलकर यांनीच १८६ धावांची भागीदारी करून संघाला सावरले. सरदेसाई यांनी १५०, तर सोलकर यांनी ६५ धावा केल्या. भारताने मालिका १-० अशी जिंकली.

त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात लॉर्ड्सवर त्यांनी ६७ धावा केल्या. ओव्हल येथील तिसऱ्या सामन्यात पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी आणि फलंदाजीत ४४ धावा अशी कामगिरी त्यांनी केली. २८ धावांत ३ बळी ही कसोटीतील त्यांची सर्वोत्तम गोलंदाजी ठरली.

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताने तिन्ही कसोटी सामने गमावले. लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. त्या डावात दोन अंकी धावसंख्या गाठणारे सोलकर हे एकमेव फलंदाज होते. ते १८ धावांवर नाबाद राहिले. याच दौऱ्यात त्यांच्या मध्यमगती गोलंदाजीने जेफ्री बॉयकॉट यांना कसोटीत आणि इतर सामन्यांतही सतावले. पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात सोलकर यांनी त्यांना बाद केले. त्या सामन्यानंतर बॉयकॉट १९७७ पर्यंत इंग्लंडकडून खेळले नाहीत.

जानेवारी १९७५ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर झालेल्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध सोलकर यांनी १०२ धावा केल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक होय. जुलै १९७४ मध्ये लीड्स येथे झालेल्या भारताच्या पहिल्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात आणि १९७५ च्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेतही ते भारतीय संघात होते. जानेवारी १९७७ मध्ये कोलकाता येथे इंग्लंडविरुद्ध ते अखेरचा कसोटी सामना खेळले.

क्षेत्ररक्षण

सोलकर यांची ख्याती फॉरवर्ड शॉर्ट लेग या जागेवरील क्षेत्ररक्षणामुळे आहे. ही जागा फलंदाजाच्या पुढे, लेगच्या बाजूला, बॅटपासून काही पावलांवर असते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू पुढे पाय टाकून अडवताना तो अनेकदा बॅटची आतली कड घेऊन पॅडवर आदळतो आणि हलकेच वर उडतो. असा चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी टिपणे हे त्या क्षेत्ररक्षकाचे काम. त्यासाठी मिळणारा अवधी क्षणार्धाचा असतो. गोलंदाजाने चेंडू आखूड वा फुलटॉस टाकला आणि फलंदाजाने तो जोराने मारला, तर डोके, छाती किंवा नडगीवर आघात होण्याचा धोका असतो. त्या काळात कसोटी क्रिकेटमध्ये हेल्मेटचा वापर सुरू झालेला नव्हता. सोलकर हेल्मेट न घालताच तेथे उभे राहत. या धोक्यामुळे ही जागा बहुधा संघातील नवख्या खेळाडूच्या वाट्याला येते. सोलकर यांनी मात्र तिला स्वतंत्र कौशल्याचा दर्जा मिळवून दिला.

या जागेचे महत्त्व केवळ घेतलेल्या झेलांपुरते नसते. समोर खात्रीचा क्षेत्ररक्षक असल्यास फलंदाज पुढे येऊन मऊ हातांनी चेंडू अडवण्यास कचरतो. तो मागे राहून खेळू लागला, तर पायचीत वा त्रिफळाचीत होण्याची शक्यता वाढते. दडपण झुगारण्यासाठी त्याने उंच फटका मारला, तर दूरच्या क्षेत्ररक्षकाकडे झेल जाऊ शकतो. या रीतीने पडलेला बळी धावफलकावर गोलंदाजाच्या नावे लागतो आणि निकटच्या क्षेत्ररक्षकाचा त्यात कोठेही उल्लेख येत नाही.

बिशनसिंग बेदी, इरापल्ली प्रसन्ना, भागवत चंद्रशेखर आणि श्रीनिवासराघवन वेंकटराघवन या चार फिरकी गोलंदाजांच्या काळात भारताकडे भेदक वेगवान गोलंदाज नव्हता. नव्या चेंडूची लकाकी घालवण्यापुरती काही षटके सोलकर, आबिद अली यांच्यासारखे मध्यमगती गोलंदाज टाकीत आणि मग फिरकी सुरू होई. प्रतिस्पर्ध्यांचे २० बळी मिळवायचे तर ते फिरकीवरच, आणि फिरकीला निकटच्या क्षेत्ररक्षकांची जोड अपरिहार्य होती. वाडेकर, वेंकटराघवन, आबिद अली, गावसकर आणि सोलकर यांनी ही फळी उभी केली. तिच्यातील सर्वांत जोखमीची जागा सोलकर यांच्याकडे होती. सोलकर नसते तर आपण एवढे यशस्वी गोलंदाज ठरलो नसतो, अशा आशयाची कृतज्ञता बेदी यांनी व्यक्त केली आहे.

ओव्हल, १९७१

या क्षेत्ररक्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ओव्हल येथील सामन्यात घडले. पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी मिळवूनही इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले. कीथ फ्लेचर यांना त्यांनी सोलकर यांच्याकरवी शून्यावर झेलबाद केले. पहिल्या डावात ९० धावा करणारे ॲलन नॉट खेळायला आले तेव्हा भारतापुढील मुख्य अडसर तेच होते. वेंकटराघवन यांचा चेंडू त्यांनी पुढे येऊन अडवला. बॅट व पॅडला लागून किंचित उडालेला चेंडू सोलकर यांनी पुढे सूर मारून, जमिनीपासून काही इंचांवर टिपला. नॉट एक धाव करून बाद झाले आणि इंग्लंडचा निम्मा संघ ५४ धावांत परतला. खेळपट्टीवर आडव्या झालेल्या सोलकर यांचे या झेलाचे छायाचित्र भारतीय क्रिकेटमधील संस्मरणीय छायाचित्रांपैकी एक मानले जाते. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने हा सामना चार गडी राखून जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा हा पहिला कसोटी विजय होता. त्याबरोबरच मालिकाही भारताने जिंकली.

१९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत चंद्रशेखर यांनी ३५ बळी घेतले, तर सोलकर यांनी १२ झेल टिपले. भारताने मालिका २-१ अशी जिंकली. कोलकाता येथील सामन्यात विजयाचे अंतर केवळ २८ धावांचे होते. अशा अटीतटीच्या सामन्यात एखादा सुटलेला झेलही निकाल फिरवू शकला असता.

मूल्यमापन

सोलकर यांनी कसोटीत २५.४२ च्या सरासरीने १,०६८ धावा केल्या आणि १८ बळी मिळवले. बळींची सरासरी ६० च्या जवळ होती. केवळ या दोन निकषांवर पाहिल्यास ते सामान्य अष्टपैलू खेळाडू ठरतात. झेलांचे आकडे वेगळे चित्र दाखवतात. त्यांचे प्रमाण दर सामन्यामागे १.९६ झेल इतके पडते. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिंप्सन (६२ सामन्यांत ११० झेल) यांचे १.७७, राहुल द्रविड (१६४ सामन्यांत २१० झेल) यांचे १.२८, तर गावसकर (१२५ सामन्यांत १०८ झेल) यांचे ०.८६ आहे. हे तिघेही प्रामुख्याने स्लिपमध्ये उभे राहत. सोलकर यांचे बहुतेक झेल त्याहून कितीतरी जवळून घेतलेले आहेत. अर्थात त्यांच्या वेळी फिरकी गोलंदाज दिवसाचा बहुतांश काळ गोलंदाजी करीत. त्यामुळे त्यांना संधीही अधिक मिळत, हे या तुलनेत लक्षात घेतले पाहिजे.

बचावात्मक कौशल्याची नोंद आकडेवारीत अपुरी राहणे ही बाब अन्य खेळांतही आढळते. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू बिल रसेल यांच्या बचावाच्या बळावर बोस्टन सेल्टिक्स संघाने १९५७ ते १९६९ या काळात ११ अजिंक्यपदे मिळवली. तथापि प्रतिस्पर्ध्याचे फेकलेले चेंडू अडवण्याची अधिकृत नोंद तेथे १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. तोवर रसेल निवृत्त झाले होते. क्रिकेटमध्ये झेलाची नोंद होते; पण क्षेत्ररक्षकाच्या धाकाने बदललेल्या खेळाची होत नाही.

सोलकर यांच्या अखेरच्या सामन्यानंतर त्याच मालिकेत बंगळूर येथे यजुर्वेंद्र सिंग यांनी पदार्पणातच सात झेल घेतले. फलंदाजाच्या निकट उभे राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाची परंपरा अशा रीतीने भारतीय संघात पुढे चालू राहिली.

निवृत्ती व निधन

सोलकर १९८०-८१ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. या कारकिर्दीत त्यांनी साडेसहा हजारांहून अधिक धावा केल्या आणि अडीचशेहून अधिक बळी घेतले. २६ जून २००५ रोजी मुंबई येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ५७ वर्षांचे होते.